पेडल स्टील गिटारची वेगळी जुळणी : रंगमंचावर षड्ज-पंचम स्थिर ठेवून कंट्री कसे वाजवावे?

खर्ज (धागाकर्ता)

आमच्या सोलापूरच्या वाद्यवृंदात मी पेडल स्टील गिटार वाजवतो. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात भावगीते आणि अभंग असतात, उत्तरार्धात अमेरिकी कंट्री गाणी असतात, आणि मध्यंतर सोडले तर वाद्य नव्याने जुळवायला वेळ मिळत नाही. दोन्ही प्रकार एकाच दहा तारांच्या वाद्यावर साधावेत म्हणून रूढ ‘ई नाइन्थ’ जुळणीतील दोन तारा मी बदलल्या आहेत. बदल कशासाठी केला, त्यातून काय मिळाले आणि काय सोडावे लागले, ते सविस्तर मांडतो. तंतुवाद्ये वाजवणाऱ्या, जुळवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या सर्वांनी त्यावर मत द्यावे, अशी विनंती आहे.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडेसे. डाव्या हातातील गुळगुळीत पोलादी बार तारांवर टेकवून सरकवायचा, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, उजव्या पायाने व्हॉल्यूम पेडल सांभाळायचे, आणि डाव्या पायाने व दोन्ही गुडघ्यांनी ठरावीक तारा चढवायच्या किंवा उतरवायच्या. मांडीवरच्या हवाईयन गिटारपासून हे वाद्य निघाले. पेडलचा आजचा उपयोग मात्र वेब पिअर्स यांच्या १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यापासून रुळला, कारण त्यात बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबले, आणि एक स्वर जागेवर असताना त्याच्या शेजारचा चढत गेलेला लोकांना ऐकू आला. एक स्वर स्थिर आणि दुसरा सरकता, हा या शैलीचा प्राण आहे, आणि माझा सगळा विचार त्याच गोष्टीभोवती फिरतो.

रूढ जुळणीत वादकापासून सर्वांत दूरच्या तारेपासून मोजत आलो तर एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी आणि बी असा क्रम येतो. ‘ए’ पेडल पाचवी आणि दहावी तार बी वरून सी शार्पवर नेते; ‘बी’ पेडल तिसरी आणि सहावी तार जी शार्पवरून ए वर नेते; ‘सी’ पेडल चौथी तार ई वरून एफ शार्पवर आणि पाचवी पुन्हा सी शार्पवर नेते. आता ई हा षड्ज धरा. षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम आणि निषाद उघड्या तारांवरच आहेत, शुद्ध मध्यम ‘बी’ पेडलने येतो, धैवत ‘ए’ पेडलने येतो. माझ्या वाद्यावरील नी लीव्हरनी (गुडघ्याने ढकलायच्या दांड्यांनी) ई चा एफ, एफ शार्पचा जी, बी चा ए शार्प आणि दुसऱ्या तारेवरील डी शार्पचा डी होतो, म्हणजे कोमल ऋषभ, कोमल गांधार, तीव्र मध्यम आणि कोमल निषादही हाताशी आहेत. राहिला कोमल धैवत. तो ‘ए’ पेडल अर्धे दाबून काढता येतो. बार एकाच फ्रेटवर न हलवता बाराही स्वर मिळतात, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते, कारण बार हलला नाही तर त्याच्याखालचा आधारस्वरही हलत नाही.

अडचण अशी की रूढ जुळणीत टिकून राहणारा आधारस्वरच नाही. ‘ए’ पेडल दाबले की खालचा पंचम धैवतावर जातो, आणि चौथ्या-आठव्या तारेवरचा षड्ज लीव्हर लागताच कोमल ऋषभावर किंवा निषादावर सरकतो. म्हणून मी नवव्या तारेवरचा डी काढून तेथे बी आणला आणि दहाव्या तारेवर बी च्या जागी खालचा ई, म्हणजे खर्जाचा षड्ज, घेतला. नवव्या तारेला ०.०३८ इंचाची आणि दहाव्या तारेला सुमारे ०.०५४ इंचाची तार लागते. या दोन्ही तारांना मी कोणतेही पेडल किंवा लीव्हर जोडलेले नाही. गायकाची पट्टी काळी एक असेल तर बार नवव्या फ्रेटवर, गायिकेची काळी पाच असेल तर सहाव्या फ्रेटवर. तेथे बार ठेवला की षड्ज-पंचम खाली अखंड राहतात आणि वर पायांनी व गुडघ्यांनी चाल वाजते. अभंगाच्या साथीत याचा जो परिणाम होतो, तो रूढ जुळणीतून मला कधीच मिळाला नव्हता.

बारखालचे काय स्थिर राहते, याचा विचार न करता उघड्या तारांची नावे बदलणे मला निरर्थक वाटते. पेडल स्टीलची जुळणी म्हणजे तारा आणि पेडले यांची मिळून होणारी एकच रचना आहे, आणि वेगळ्या जुळणीची पारख ‘कोणते स्वर उघडे आहेत’ यापेक्षा ‘काय हलते आणि काय हलत नाही’ यावर व्हावी. प्रश्न उत्तरार्धाचा आहे. या जुळणीत कंट्रीचे व्याकरण शाबूत राहते का?

दहावी_तार

विषय फार चांगला मांडला आहे, परंतु उत्तर थोडे कठोर देतो. कंट्री वाजवताना आपण दोन मोठ्या गोष्टी गमावल्या आहेत. पहिली म्हणजे नवव्या तारेवरचा डी. पाचवी, सहावी आणि नववी तार एकत्र छेडली की बी, जी शार्प आणि डी मिळून सप्तमासह जीवा (कॉर्ड) उभी राहते, आणि पुढच्या जीवेकडे ओढ निर्माण करण्यासाठी कंट्रीचा वादक तिचा सतत वापर करतो. दुसऱ्या तारेवर लीव्हरने मिळणारा डी एक सप्तक वरचा आहे. त्याने तो भरदारपणा येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दहाव्या तारेवरचा बी, जो ‘ए’ पेडलने सी शार्पवर चढतो. ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन पेडले एकत्र दाबली की ई ची जीवा जागच्या जागी ए ची होते. तिसऱ्या फ्रेटवर जी, तेथेच दोन पेडलांनी सी, आणि पाचव्या फ्रेटवर तीच दोन पेडले दाबली की डी : अर्धे कंट्री या तीन जागांत सामावते. आपल्या जुळणीत पेडले दाबल्यावर वरच्या तारा नव्या जीवेत जातात आणि नवव्या तारेवरचा बी मागे राहतो. तो पाचव्या तारेवरच्या सी शार्पला घासणार. षड्ज खाली राहिला तरी चालेल, कारण तो दोन्ही जीवांत आहे. पंचम मात्र चालणार नाही.

मी जुळणी बदलण्याच्या विरोधात नाही. स्नीकी पीट क्लाइनो यांनी फ्लाइंग बरिटो ब्रदर्ससोबत आठ तारांच्या फेंडर वाद्यावर बी सिक्स्थ जुळणीत वाजवले आणि त्यांचा आवाज इतर सर्वांपेक्षा निराळा राहिला. ज्या जुळणीला आज आपण रूढ म्हणतो तिच्यातील वरच्या दोन तारा, एफ शार्प आणि डी शार्प, बडी एमन्स यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आणल्या. म्हणजे तीही वादकाच्या गरजेतूनच घडली. परंतु त्यांनी जे आणले त्याने आधीचे व्याकरण मोडले नाही, त्यात भर पडली. आपल्या बदलाने काही वाक्ये बोलताच येणार नाहीत.

खर्ज

दोन्ही आक्षेप मान्य आहेत. पंचमाच्या घर्षणाबाबत सध्या मी उत्तरार्धात नवव्या तारेला हातच लावत नाही, पण वाजत्या तारांच्या कंपनाने ती आपोआप गुणगुणते आणि बारमागची बोटे तेथे नीट टेकवली नाहीत तर ध्वनिक्षेपकातून स्पष्ट ऐकू येते. आपल्या सोलापुरात कार्यक्रम उघड्या मैदानावर असला की मॉनिटरमधून मला हे कळतही नाही, समोर बसलेल्यांना मात्र कळते. डी बाबत काही मार्ग सुचतो का?

लेथवाला

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझे यंत्रभागांचे काम आहे आणि अशा एका वाद्याची दुरुस्ती मी केलेली आहे, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो. चादरीच्या मागावरचे जॅकार्ड जसे हवे तेवढेच धागे उचलते, तसेच या वाद्याच्या पोटात पेडलपासून निघालेला दांडा आडव्या शाफ्टवरच्या बेलक्रँकला (छोट्या भोके असलेल्या पट्टीला) फिरवतो आणि बेलक्रँकमधून गेलेला पुल रॉड चेंजरमधील (तारा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्रणेतील) नेमक्या तारेचे बोट ओढतो. म्हणजे कोणती तार कशाने हलावी हे वाद्यात कायमचे कोरलेले नसते. रॉड काढून दुसऱ्या तारेला लावता येतो.

डी साठी माझी सूचना अशी. रूढ जोडणीत उजव्या गुडघ्याचा उजवीकडचा लीव्हर दुसरी तार डी शार्पवरून डी वर आणि नववी तार डी वरून सी शार्पवर उतरवतो. आपण नवव्या तारेवर बी आणल्यामुळे तो रॉड मोकळा पडला आहे. तो आठव्या तारेला जोडा आणि ई चा डी होईल इतकाच ओढ द्या. काढून टाकलेल्या नवव्या तारेचा डी ज्या सप्तकात होता त्याच सप्तकात हा डी येईल. आठव्या तारेला ई चा डी शार्प करणारा एक रॉड आधीच असणार, म्हणून चेंजरच्या त्या बोटाला उतरवण्यासाठी दोन भोके आहेत का ते आधी पाहा. असतील तर काम सोपे आहे. दुसरी तार अर्ध्या स्वराने आणि आठवी पूर्ण स्वराने उतरायची असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी पोहोचाव्यात यासाठी बेलक्रँकमधील भोके वेगवेगळ्या उंचीची निवडावी लागतील. हे काम चिकाटीचे आहे, पण करण्यासारखे आहे.

मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. आपण म्हणता की दहावी तार कशालाही जोडलेली नाही म्हणून ती स्थिर आहे. पेडले दाबली की संपूर्ण चौकटीवर ताण येतो, ती किंचित वाकते आणि न जोडलेल्या ताराही थोड्या उतरतात. पाश्चात्त्य वादक याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. खर्जाचा षड्ज सतत वाजत असेल तर हे उतरणे लपणार नाही. ट्यूनर लावून दहावी तार छेडा, ती वाजत असताना ‘ए’ आणि ‘बी’ पेडले एकत्र दाबा आणि काटा किती खाली येतो ते पाहा.

काळी_चार

मी गायनाची विद्यार्थिनी आहे आणि हार्मोनियमवर साथही करते. जुळणीविषयी चर्चा चालली आहे, पण स्वर नेमके कोठे लावायचे याविषयी अजून कोणी बोललेले नाही. माझ्या मते येथे तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

किबोर्डवरचा गांधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असतो, तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा ५:४ या गुणोत्तराचा गांधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. खाली षड्ज-पंचम अखंड धरायचे ठरले की तिसरी आणि सहावी तार ३८६ च्या आसपासच लागली पाहिजे. अन्यथा तो आधार उपकारक होण्याऐवजी बेसूरपणा उघडा करील. माझ्या वाचनात असे आहे की स्टील गिटारचे अनेक वादक हे तिसरे स्वर मुद्दाम उतरते ठेवतात, म्हणजे आपले कान आणि त्यांचे कान येथे एकच सांगतात.

ऋषभाचे मात्र जरा अवघड आहे. पंचमाशी संवाद साधणारा ऋषभ ९:८ चा, म्हणजे सुमारे २०४ सेंटवर येतो. परंतु ‘ए’ आणि ‘बी’ पेडले दाबून आपण मध्यमाच्या जीवेत गेलात की त्या जीवेतील धैवत ५:३ चा असतो आणि त्याच्याशी जुळणारा ऋषभ १०:९ चा, सुमारे १८२ सेंटवर येतो. दोन्हींतील फरक ८१:८० या गुणोत्तराचा, साडेएकवीस सेंटचा आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामाचा पंचम एका श्रुतीने उतरवला की मध्यमग्राम होतो असे सांगितले आहे, आणि त्या प्रमाणश्रुतीचे मूल्य आज बहुतेक अभ्यासक हेच धरतात. आपले पाय दर गाण्यात षड्जाकडून मध्यमाकडे जातात, तेव्हा हा जुनाच प्रश्न आपल्या पेडलांखाली येऊन उभा राहतो, आणि मला हे पाहून खरोखर आनंद झाला.

यावर उपाय आपल्या वाद्यातच आहे, असे मला वाटते. आपल्याकडे ऋषभ दोन ठिकाणी आहे : पहिल्या आणि सातव्या तारेवर उघडा, आणि चौथ्या तारेवर ‘सी’ पेडलने चढवलेला. उघडे ऋषभ पंचमाशी जुळवून २०४ वर ठेवावेत आणि ‘सी’ पेडलचा ऋषभ धैवताशी जुळवून १८२ वर ठेवावा. पंचमाच्या आधाराने गाणे चालले असेल तेव्हा पहिला, मध्यमाच्या जीवेत दुसरा. किबोर्डच्या साथीदाराने मात्र अशा वेळी गांधार असलेली जीवा दाबून धरू नये, हे आधीच ठरवून घ्यावे. दोन गांधार एकाच ध्वनिक्षेपकातून आले तर श्रोत्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते हे निश्चित.

हवाईयन_जुना

मी पेडल वाजवत नाही. आमच्या पिढीने व्हॅन शिपली, हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हवाईयन गिटार हाती घेतली, आणि ब्रिजभूषण काब्रा यांचे वादन ऐकल्यावर या वाद्यावर रागही मांडता येतो, हे पटले. त्या अनुभवावरून हाताविषयी थोडे लिहितो, कारण जुळणी कितीही चांगली असली तरी आधारस्वर टिकतो तो हातामुळे.

कंट्रीचे वादक उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून मागचा स्वर थांबवतात. तुम्ही पूर्वार्धात तसे केलेत तर खर्जही प्रत्येक वेळी तुटेल. ज्या बोटाने तार छेडली त्याच बोटाची नखी पुन्हा त्या तारेवर ठेवून ती थांबवायची सवय लावा, म्हणजे इतर तारा वाजत्या राहतील. बारचे कंपन पूर्णपणे सोडा. बार हलवला की षड्जही हलतो, आणि हलता षड्ज आमच्या कानाला सहन होत नाही. आंदोलन हवे असेल तेव्हा ते पायाने किंवा गुडघ्याने द्या. व्हॉल्यूम पेडलही जपून वापरा, कारण सर्व तारांचे पिकअप एकच असते. विरत चाललेली चाल उचलण्यासाठी पाय दाबला की खर्जही वर येतो. म्हणून अंगठ्याने खर्ज मुळातच हलका छेडावा.

आणखी एक गोष्ट. गायकाची पट्टी पांढरी तीन असेल, म्हणजे षड्ज उघड्या ई वरच असेल, तेव्हा बार पुढे सरकवून पहिल्या आठ तारांवरच ठेवा आणि नववी-दहावी तार उघडी सोडा. मग बार कोठेही न्या, मींड घ्या, दोन सप्तके फिरून या. षड्ज-पंचम जागेवर राहतील. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत चाल, आधार आणि तरफ (आपोआप झंकारणाऱ्या) यांच्या तारा निराळ्याच असतात, तशी सोय तुम्हाला एका पट्टीत तरी मिळेल. डाव्या हाताचा तळवा त्या दोन तारांना लागू नये एवढेच सांभाळावे लागेल. सोलापुरात एखादा अभंग पांढरी तीनमध्ये म्हणायला तयार असलेला गायक शोधा. त्यासाठी तेवढे कष्ट घेण्यासारखे आहेत.

दहावी_तार

काळी_चार यांच्या प्रतिसादावर एक पुरवणी. १८२ सेंटचा ऋषभ मी अनेक वर्षे केवळ कानाने लावत आलो, आणि पहिली तार त्याच्याशी का भांडते याचे कारण आज समजले. लेथवाला यांचा आठव्या तारेचा उपायही मला पटला. लीव्हर लागल्यावर आठव्या तारेवरचा षड्ज जाईल, पण दहाव्या तारेवरचा राहील, आणि सप्तमाच्या जीवेखाली मूळ स्वर असणे चांगलेच. तेव्हा माझा पहिला आक्षेप मागे घेतो. नवव्या तारेच्या पंचमाविषयीचा आक्षेप मात्र कायम आहे.

खर्ज

सर्वांचे मनापासून आभार. या प्रतिसादांनंतर मी वाद्य उलटे करून काम केले आणि एका कार्यक्रमात वाजवूनही पाहिले, म्हणून काय जमले ते लिहितो.

आठव्या तारेला रॉड लागला. चेंजरमध्ये दोन भोके होती. सप्तमाची ओढ परत आली असून ती मला पूर्वीपेक्षा अधिक आवडते, कारण ई वरून डी कडे उतरताना तार ऐकू येते; पूर्वी तो डी नुसता छेडला जात असे. दोन ऋषभांची मांडणीही केली. किबोर्डवादक मित्राने अभंगांमध्ये डाव्या हाताने फक्त षड्ज-पंचम धरायचे मान्य केले, आणि गायिकेने कोणी काही सांगण्याआधीच ‘आज गांधार कोठे लावायचा ते शोधावे लागले नाही’ असे सांगितले.

चौकट वाकण्याविषयीची शंका खरी ठरली. दोन्ही पेडले दाबली की दहावी तार काही सेंट उतरते. ती अर्ध्या फरकाने चढी लावून पाहिली, पण मग पेडले सोडल्यावर पंचमाशी लाटा ऐकू येतात. आता लेथवाला यांच्याकडून दहाव्या तारेसाठी ‘ए’ पेडलला एक अतिशय कमी ओढीचा रॉड लावून घेणार आहे, म्हणजे चौकट जेवढी उतरवते तेवढेच तो चढवील. जी तार हलू नये अशी इच्छा आहे, तिला हलू न देण्यासाठीच पेडल जोडावे लागते.

तारेविषयी एक व्यावहारिक सूचना : ०.०५४ ची तार साध्या अकूस्टिक संचातून घेऊ नये. तिच्यावर ब्राँझचे वेष्टण असते आणि चुंबकीय पिकअपला ते फारसे ऐकू येत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या जाड संचातील निकेलचे वेष्टण असलेली तार घ्यावी. तिसऱ्या तारेची, म्हणजे ०.०११ ची, जादा तार तर खिशातच ठेवावी, कारण सर्वांत जास्त तुटते ती हीच. आणि आपल्या उन्हाळ्यात तारा दिव्यांखाली आणून तापू द्याव्यात, मगच आधी उघडे स्वर आणि नंतर पेडलांचे स्वर या क्रमाने जुळवावे. आतल्या गार खोलीत जुळवलेले वाद्य रंगमंचावर उतरते.

आता नववी तार. दहावी_तार यांचा आक्षेप योग्य आहे असे वाजवताना पुन्हा जाणवले, आणि पूर्वार्धात तो पंचम सोडायचीही माझी तयारी नाही. म्हणून ‘ए’ पेडलचा जो रॉड पूर्वी दहाव्या तारेला होता तो आता नवव्या तारेला कायम जोडला आहे, पण टोकाकडचा नायलॉनचा नट पूर्वार्धासाठी इतका सैल ठेवतो की पेडल पूर्ण दाबले तरी रॉडची ढील संपत नाही आणि तार हलत नाही. मध्यंतरात जुळवणीच्या चावीने तो नट आवळायचा, ट्यूनरवर बी चा सी शार्प होईपर्यंत नेऊन थांबायचे, की उत्तरार्धासाठी तीच तार कंट्रीची होते. चहा येण्यापूर्वी हे काम संपते. सैल रॉड खडखडू नये म्हणून बेलक्रँकजवळ फेल्टचा तुकडा लावला आहे. ज्यांच्या वाद्यात चेंजरची रचना जुन्या पद्धतीची आहे त्यांना हे जमणार नाही, कारण टोकाकडे फिरवता येणारा नट सर्व जुन्या वाद्यांत नसतो.

दहावी_तार

हा मार्ग मला मान्य आहे. नट आवळल्यानंतर पाचवी आणि नववी तार एकाच वेळी सी शार्पवर पोहोचतात का ते पाहा. नववी मागे राहत असेल तर बेलक्रँकमधील भोक बदलावे लागेल, आणि ते काम मध्यंतरात होणार नाही, घरीच करून यावे.